टोरोच्या राजकन्येला वकिली कुठे उपयोगी पडली

एलिझाबेथ बगाया हे नाव नेटवर टाकलं की आधी फोटो येतात, १९६० च्या दशकातल्या फॅशन मासिकांतले, आणि फोटोखाली एक ओळ येते: आफ्रिकन राजकन्या, मॉडेल, नटी, परराष्ट्रमंत्री, राजदूत. या ओळीत 'बॅरिस्टर' हा शब्द असतोच, पण कुठेतरी मधे चेपून बसलेला, म्हणजे शिकल्या होत्या बुवा एकदा वकिली, मग पुढे काय काय झालं, असा. मला हे पटत नाही. त्यांचं राज्य गेलं ते घटनेतल्या एका कलमाने, अब्रूवर घाला पडला तेव्हा त्या गेल्या कोर्टात, आणि राज्य परत आलं तेही एका कलमानेच, फक्त ते आधीच्यासारखं राज्य नव्हतं. म्हणून मी ही गोष्ट वकिलीच्या बाजूने सांगणार आहे, आणि वाटेत कायद्याच्या ज्या गाठी लागतील त्या जमेल तेवढ्या सोडवत जाणार आहे.

आधी टोरो कुठे आहे ते बघू. युगांडाच्या पश्चिमेला, काँगोच्या सीमेवर रुवेन्झोरी नावाचे डोंगर आहेत, विषुववृत्तावर असून डोक्यावर बर्फ असलेले, सगळ्यात उंच शिखर ५,१०९ मीटर. त्या डोंगरांच्या पायथ्याशी टोरो. गाव फोर्ट पोर्टल, राजाला म्हणायचं ओमुकामा. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या भागात शेजारच्या बुन्योरो राज्याचा एक राजपुत्र, कबोयो, बापापासून फुटला आणि त्याने हे वेगळं राज्य उभं केलं. पुढे बुन्योरोच्या कबालेगा राजाने टोरो परत गिळलं, मग १८९१ मध्ये लुगार्ड नावाचा इंग्रज अधिकारी आला, त्याने टोरोच्या कसागामा नावाच्या तरुण वारसाला गादीवर बसवलं, आणि १९०० मध्ये टोरो करार झाला. पुढचं आपल्याला नव्याने सांगायला नको, आपल्या संस्थानांसारखंच: राजा गादीवर, दरबार चालू, आणि शेवटचा शब्द इंग्रजांचा.

कसागामाचा मुलगा जॉर्ज रुकिडी तिसरा. त्याची मुलगी एलिझाबेथ, जन्म १९३६.

इथे एक छोटी गोष्ट सांगतो कारण ती मला फार आवडते. टोरोच्या लोकांत प्रत्येकाला जन्मल्यावर नावाशिवाय आणखी एक नाव मिळतं, त्याला 'एम्पाको' म्हणतात. अशी एकूण बाराच नावं आहेत, त्यातलं एक घ्यायचं. आमोती, आबवोली, आडयेरी, आतवोकी, आपुली अशी. कुणी भेटलं की आधी एकमेकांचं एम्पाको विचारायचं आणि मग त्या नावाने विचारपूस करायची, नुसत्या नावाने हाक मारणं म्हणजे कोरडेपणा. आपण परक्या बाईलाही ताई, काकू, मावशी म्हणून बोलायला सुरुवात करतो ना, त्यातला गोडवा साधारण तसाच. बारापैकी एक नाव, ओकाली, फक्त राजासाठी. २०१३ मध्ये युनेस्कोने ही प्रथा तातडीने जपायला हव्यात अशा वारशांच्या यादीत घातली. एलिझाबेथ यांचं एम्पाको आकीकी. म्हणजे केंब्रिजमध्ये त्या मिस बगाया, मासिकांत प्रिन्सेस एलिझाबेथ, आणि फोर्ट पोर्टलच्या घरात आकीकी.

आता 'राजकन्या' या शब्दाकडे. आपल्या डोक्यात राजकन्या म्हणजे गोष्टीतली, लग्न होऊन दुसऱ्या राज्यात जाणारी. टोरोत मात्र राजाच्या बहिणीसाठी एक खरंखुरं पद आहे, बाटेबे. नवा राजा गादीवर बसतो तेव्हा त्याच्या एका बहिणीला बाटेबे म्हणून नेमतात. ती राजाची बायको नाही की राजमाता नाही, पण दरबारात तिचं स्वतःचं वजन, तिचा मान, आणि राजाला चार गोष्टी सुनवायचा हक्क. राजाला खरं सांगणारं कुणीतरी हवं आणि ते गादीवर स्वतः डोळा नसलेलं हवं, म्हणून बहीण. मला तरी हा विचार फार शहाणपणाचा वाटतो. तर एलिझाबेथ वाढल्या त्या या पदाच्या आसपास, आणि पुढे भाऊ राजा झाल्यावर हे पद त्यांच्याकडेच आलं.

शिक्षणाचं थोडक्यात. आधी युगांडात गयाझा हायस्कूल, मुलींची मिशनरी शाळा. मग इंग्लंडमध्ये शेरबोर्न ही मुलींची बोर्डिंग शाळा, तिथे त्या एकट्याच काळ्या विद्यार्थिनी. त्यांनी पुढे सांगितलंय की आपण नापास झालो तर ते आपलं एकटीचं नापास होणं राहणार नाही, सगळ्या काळ्या माणसांच्या नावावर जाईल, असं ओझं त्या वयात डोक्यावर होतं. आणि मग केंब्रिजचं गर्टन कॉलेज, तिथे कायदा, १९६२ ला पदवी. म्हणजे ज्या वर्षी युगांडा स्वतंत्र झाला त्याच वर्षी, ९ ऑक्टोबर १९६२.

केंब्रिज म्हटलं की आपण भारावून जातो, पण एक तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे: केंब्रिजने बायकांना पूर्ण पदवी द्यायला सुरुवात केली १९४८ ला. गर्टन कॉलेज तर १८६९ पासून चालू होतं. म्हणजे जवळजवळ ऐंशी वर्षं मुली तिथे शिकत होत्या, परीक्षा देत होत्या, आणि पूर्ण पदवी मात्र नाही. आणि इथे आपल्या नाशिकची आठवण येतेच. कॉर्नेलिया सोराबजी, जन्म नाशिकचा, १८६६, पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये शिकलेल्या, ऑक्सफर्डला जाऊन १८९२ मध्ये कायद्याची मोठी परीक्षा पास झाल्या, पण ऑक्सफर्डने बायकांना पदव्या दिल्या १९२० ला, आणि इंग्लंडच्या बारचे, म्हणजे बॅरिस्टरांच्या व्यवसायाचे, दरवाजे बायकांना उघडले ते १९१९ च्या कायद्याने. सोराबजी तीस वर्षं थांबून १९२३ ला बॅरिस्टर झाल्या, आणि त्याच वर्षी मिठन टाटा, ज्या पुढे मुंबई हायकोर्टातल्या पहिल्या महिला वकील झाल्या. मधल्या काळात सोराबजींनी काय केलं, तर पडद्यात राहणाऱ्या राण्या आणि जमीनदारांच्या विधवांना कायद्याचा सल्ला दिला, कारण त्या बायका कोर्टात येऊ शकत नव्हत्या आणि पुरुष वकील त्यांच्यापर्यंत जाऊ शकत नव्हता. सोराबजी राजघराण्यातल्या बायकांच्या वकील, आणि चाळीसेक वर्षांनी राजघराण्यातलीच एक बाई स्वतः वकील.

१९६५ मध्ये बगाया बॅरिस्टर झाल्या, इंग्लंडच्या बारवर नाव लागलेल्या पूर्व आफ्रिकेतल्या पहिल्या महिला. हे बॅरिस्टर होणं म्हणजे काय, कारण आपल्याकडे बॅ. नाथ पै, बॅ. अंतुले असं नावामागे लावतात पण त्याचा अर्थ आता बऱ्याच जणांना माहीत नसतो. इंग्लंडमध्ये वकिलांच्या दोन जाती आहेत. सॉलिसिटर म्हणजे पक्षकाराला भेटणारा, कागदपत्रं करणारा, आणि बॅरिस्टर म्हणजे वरच्या कोर्टात उभं राहून युक्तिवाद करणारा. बॅरिस्टर व्हायचं तर लंडनमधल्या चार 'इन' आहेत, लिंकन्स इन, ग्रेज इन, इनर टेंपल, मिडल टेंपल, त्यातल्या एकाचं सभासद व्हावं लागतं. बाबासाहेब ग्रेज इनचे, गांधीजी इनर टेंपलचे. परीक्षा तर असतातच, पण त्याशिवाय त्या काळी इनच्या मोठ्या हॉलमध्ये ठरावीक वेळा जेवायला बसावं लागायचं, लांब बाकांवर, काळा झगा घालून, आणि ती जेवणं मोजली जायची, कमी पडली तर बारवर घेत नसत. ऐकायला विचित्र वाटतं पण त्यामागचा हेतू असा की नव्या पोराने जुन्या वकिलांच्या पंगतीला बसून बोलायचं कसं, वाद घालायचा कसा, ते बघावं. ज्ञानेश्वरीचं पारायण ऐकून ऐकून जसं अंगात मुरतं तसं. हे सगळं झालं की एका संध्याकाळी नाव पुकारतात, त्याला 'बारवर बोलावणं' म्हणतात, आणि मग पुढे सीनियरच्या हाताखाली उमेदवारी.

बगायांची गाडी इथे रुळावर आली होती. आणि १९६५ च्या डिसेंबरमध्ये वडील गेले.

त्या घरी परत आल्या, भाऊ पॅट्रिक हा ओलिमी तिसरा म्हणून राजा झाला, त्या बाटेबे झाल्या, आणि सोबत कंपालात वकिलीची उमेदवारी सुरू केली, युगांडातल्या पहिल्या महिला वकील म्हणून. म्हणजे एका बाजूला दरबारातलं पद आणि दुसऱ्या बाजूला वकिलाची फाईल. हे जमलं असतं का, जमलं असतं तर कसं, मला खरंच बघायला आवडलं असतं. पण तेवढा वेळच मिळाला नाही.

आता जरा सावकाश वाचा, कारण पुढची भानगड कायद्याच्या विद्यार्थ्यांनाही चकवते. स्वतंत्र युगांडाच्या १९६२ च्या घटनेत बुगांडा हे सगळ्यात मोठं राज्य, त्याला मोठी स्वायत्तता होती, आणि टोरो, बुन्योरो, अंकोले यांना त्याहून कमी पण घटनेत लिहिलेली जागा होती. बुगांडाचा राजा मुतेसा राष्ट्राध्यक्ष, आणि मिल्टन ओबोटे पंतप्रधान. या दोघांचं फाटलं. फेब्रुवारी १९६६ मध्ये ओबोटेने मंत्रिमंडळाच्या बैठकीतच स्वतःच्या पाच मंत्र्यांना अटक करवली आणि घटना बाजूला ठेवली. एप्रिलमध्ये संसदेत नवी घटना मंजूर झाली, आणि खासदारांना तिची प्रत तोवर वाचायलाही मिळालेली नव्हती, त्यांना सांगितलं की तुमच्या टपालाच्या कप्प्यात ठेवली आहे, जाऊन घ्या. म्हणून युगांडात आजही तिला 'कप्प्यातली घटना' म्हणतात. मे महिन्यात लष्कराने मुतेसाच्या राजवाड्यावर हल्ला केला, हल्ला करणाऱ्या फौजेचा प्रमुख इदी अमीन, आणि राजा भिंतीवरून उडी मारून निसटला तो लंडनला.

मग एक खटला झाला. बुगांडातला मातोवू नावाचा एक प्रांताधिकारी सरकारने आणीबाणीखाली आत टाकला होता, त्याच्या वकिलाने हेबियस कॉर्पस मागितलं. हेबियस कॉर्पस म्हणजे कोर्टाने सरकारला विचारायचं, या माणसाला कोणत्या कायद्याने डांबलंय ते दाखवा, नाहीतर सोडा. प्रश्न सरळ होता पण त्यातून मोठा प्रश्न निघाला: ज्या घटनेखाली हे चाललंय ती घटना तरी खरी आहे का?

मी लॉच्या वर्गात ज्युरिस्प्रूडन्सच्या, म्हणजे कायद्याच्या तत्त्वज्ञानाच्या, पेपरसाठी हान्स केल्सन हा विचारवंत घोकला होता, तेव्हा वाटलं होतं की याचा कुणाच्या आयुष्याशी काय संबंध. या खटल्यात संबंध कळतो. केल्सनचं म्हणणं साध्या भाषेत असं. ट्रॅफिक पोलिसाने पावती फाडली, ती का मानायची, तर मोटार वाहन कायदा आहे. तो का मानायचा, तर संसदेने केला. संसदेचं का ऐकायचं, तर घटनेने तिला अधिकार दिला. आणि घटना का मानायची? इथे जिना संपतो. केल्सन म्हणतो की सगळ्यात खाली एक मूळ नियम आहे जो आपण नुसता गृहीत धरतो, आणि तो टिकतो तो लोक प्रत्यक्षात त्याप्रमाणे वागतात म्हणून. उद्या कुणी सत्ता उलथवली आणि लोक नव्या सत्तेचं ऐकायला लागले, तर मूळ नियम बदलला, जुनी घटना मेली, नवी जन्मली, चांगली की वाईट हा प्रश्नच वेगळा.

युगांडाचे सरन्यायाधीश उदो उदोमा, मूळचे नायजेरियाचे, यांनी हाच विचार धरला. पाकिस्तानच्या सुप्रीम कोर्टाने १९५८ मध्ये लष्करी सत्तेला असाच आधार दिला होता, त्याचाही दाखला घेतला. निकाल असा की जे झालं ती कायद्याच्या नजरेने क्रांती होती, ती यशस्वी झाली, म्हणून नवी घटना वैध. म्हणजे घाव यशस्वी झाला तर तो गुन्हा राहत नाही, पाया होतो. माझं स्पष्ट मत आहे की केल्सन कायदा कसा असतो ते वर्णन करत होता, कोर्टाने कोणाला शिक्का मारून द्यावा हे सांगत नव्हता, आणि या फरकाची किंमत युगांडाने पुढची वीस वर्षं मोजली. सप्टेंबर १९६७ मध्ये आणखी एक घटना आली आणि तिच्यात सरळ लिहिलं की राजाचं पद रद्द. टोरो गेलं. ओमुकामा गेला. बाटेबे हे पदही गेलं.

आपल्याकडेही १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने राजेमहाराजांच्या पदव्या आणि तनखे गेले, त्यामुळे कुणी म्हणेल यात काय एवढं. पण कोल्हापूर मुंबई प्रांतात विलीन झालं १९४९ ला, सह्या होऊन, आणि नंतर बावीस वर्षांनी संसदेत रीतसर चर्चा आणि मतदान होऊन तनखे बंद झाले. राजेशाही संपायला माझी हरकत नाही, संपायलाच हवी होती असं म्हणणारे युगांडातही खूप होते. हरकत रीतीला आहे. टोरोच्या बाबतीत ज्यांचं पद गेलं त्यातली एक व्यक्ती पात्र बॅरिस्टर होती, घटनेचा कायदा शिकलेली, आणि तिला जाऊन भांडायला कोर्ट उरलं नव्हतं, कारण कोर्टाने आधीच सांगून टाकलं होतं की जो जिंकला त्याचा कायदा.

त्याच वर्षी, १९६७, इंग्लंडच्या राजकन्या मार्गारेट यांनी लंडनमध्ये कॉमनवेल्थ फॅशन शोला बोलावलं, त्या गेल्या, आणि देशाबाहेर पडायचा रस्ता तिथून मिळाला. पुढची तीनेक वर्षं मॉडेलिंग, न्यूयॉर्क, व्होग, लाइफ, एबनी, १९६९ ला हार्पर्स बझारचं मुखपृष्ठ, नायजेरियात एका सिनेमात काम. या काळावर लोक पानंच्या पानं लिहितात, मी इथेच थांबतो. एवढंच सांगतो की ज्या बाईच्या वकिलीला घरी जागा उरली नाही तिने पोट भरायला दुसरं काम केलं आणि ते उत्तम केलं, आणि त्या काळी गोऱ्या मासिकांत काळ्या बाईचा चेहरा झळकणं हे काही छोटं काम नव्हतं.

२५ जानेवारी १९७१ ला इदी अमीनने ओबोटेची सत्ता उलथवली. आज अमीनचं नाव काढलं की अंगावर काटा येतो, पण त्या दिवशी कंपालात लोक नाचले होते हेही खरं. राजघराण्यांना तर वाटलं की ओबोटे गेला, सुटलो. लंडनमध्ये वारलेल्या मुतेसा राजाचं शव अमीनने सन्मानाने परत आणवलं. राज्यं मात्र परत दिली नाहीत. आणि जुलै १९७१ मध्ये बगायांना फिरतं राजदूत केलं, म्हणजे एका देशात न बसता जिथे पाठवतील तिथे जाऊन देशाची बाजू मांडायची.

त्यांनी हे पद का घेतलं? मी याच्यावर खूप विचार केलाय आणि मला सरळसोट उत्तर देता येत नाही. सुरुवातीला आशा होती, हे समजू शकतं. पण १९७२ मध्ये काय काय झालं ते बघा. ऑगस्टमध्ये अमीनने आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितलं. त्यात गुजराती जास्त, पण आपले गोवेकरही होते, सरकारी कचेऱ्यांत कारकून, हिशेबनीस, शिक्षक म्हणून पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले, कंपाला आणि एन्टेबीत त्यांच्या स्वतःच्या संस्था होत्या, क्लब होते, सणवार होते. ते सगळं टाकून एका सुटकेसवर निघाले. आणि २१ सप्टेंबरला सरन्यायाधीश बेनेडिक्टो किवानुका यांना हायकोर्टाच्या इमारतीतून, त्यांच्या चेंबरमधून, लष्कराच्या माणसांनी उचलून नेलं. त्यांनी नुकतंच एका डांबून ठेवलेल्या इंग्रज माणसाला हेबियस कॉर्पसवर सोडायचा हुकूम दिला होता. किवानुका परत आले नाहीत. सहा वर्षांपूर्वी ज्या अर्जावर कोर्टाने सत्तेपुढे मान तुकवली त्याच प्रकारच्या अर्जावर या न्यायाधीशाने मान तुकवली नाही, आणि त्याला जिवंत ठेवलं नाही.

हे सगळं होत असताना बगाया त्या सरकारच्या वतीने जगभर बोलत होत्या. हे त्यांच्या खात्यावर लिहिलेलं आहे आणि ते पुसून त्यांची गोष्ट सांगू नये असं मला वाटतं. त्याचवेळी हेही खरं की अमीनच्या दरबारातून राजीनामा देऊन घरी जाणं हा पर्याय बहुतेकांना नव्हता. फेब्रुवारी १९७४ मध्ये त्यांना परराष्ट्रमंत्री केलं. त्यांच्या आधी त्या खुर्चीवर मायकेल ओंडोगा होते, अमीनने त्यांना काढलं, आणि मार्चमध्ये ओंडोगांचं प्रेत नाईल नदीत सापडलं. ज्या टेबलावर बसायचं त्या टेबलाच्या आधीच्या मालकाची ही गत, हे माहीत असून रोज ऑफिसला जायचं.

त्या वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत त्या युगांडाच्या वतीने बोलल्या. परत आल्या आणि नोव्हेंबरमध्ये अमीनने त्यांना काढून टाकलं, आणि कारण जे दिलं ते वाचूनच चीड येते: पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावरच्या स्वच्छतागृहात यांनी कुण्या गोऱ्या माणसाशी संबंध ठेवले म्हणे. धादांत खोटं. अमीनने लग्नाची मागणी घातली होती आणि यांनी नाकारली, असं तेव्हापासून सांगितलं जातं. बाईला संपवायचं तर आधी तिच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवायचे, हे हत्यार कुठल्याच देशाला नवीन नाही. सोबत एका बाईचे नग्न फोटो छापून आणले, या त्याच म्हणून. त्यांना घरात नजरकैदेत ठेवलं. फेब्रुवारी १९७५ मध्ये त्या निसटून केनियात पोचल्या आणि तिथून पुढे लंडन.

आणि इथे बॅरिस्टर जागी झाली. अमीनवर दावा लावायचा तर लावणार कुठे, ज्या देशात सरन्यायाधीश चेंबरमधून गायब होतो तिथे? पण ती बातमी आणि ते फोटो युरोपातल्या वृत्तपत्रांनीही छापले होते, आणि ती वृत्तपत्रं ज्या देशांत विकली जात होती तिथे कोर्टं चालू होती. त्यांनी त्या वृत्तपत्रांवर अब्रुनुकसानीचे दावे लावले आणि त्यांत त्यांना यश आलं.

यात कायद्याची खुबी काय ते समजून घ्या, कारण आज व्हॉट्सॅपवर फॉरवर्ड करताना आपल्यालाही उपयोगी आहे. इंग्लंडच्या कायद्यात बदनामीचा दावा लावणाऱ्याने आधी मी निर्दोष आहे हे सिद्ध करत बसायचं नसतं. छापणाऱ्याने सिद्ध करायचं की मी छापलं ते खरं होतं. बाकी बहुतेक दाव्यांत ज्याने आरोप केला त्याने पुरावा द्यायचा असतो, इथे उलटं, छापणाराच आरोप करणारा धरला जातो. दुसरी गोष्ट, 'आम्ही काही म्हटलं नाही, आम्ही फक्त अमीन काय म्हणाला ते सांगितलं' ही सबब सहसा चालत नाही. अफवा पुन्हा सांगणाऱ्याला ती पहिल्यांदा सांगणाऱ्याइतकंच जबाबदार धरतात. आता विमानतळावर असं काही घडलंच नाही, तर ते घडलं हे वृत्तपत्र सिद्ध करणार कसं? हा कायदा पत्रकारांना जाचक आहे अशी टीका इंग्लंडमध्ये नेहमी होते आणि तिच्यात तथ्य आहे, श्रीमंत लोक याच कायद्याने खऱ्या बातम्याही दाबतात. पण एका हुकूमशहाने देशाच्या सगळ्या यंत्रणेनिशी एका बाईच्या अंगावर चिखल फेकला आणि तिच्याकडे ना पद, ना देश, ना राज्य, तेव्हा हातात उरलं होतं ते हेच. आपल्याकडे अब्रुनुकसानी हा दिवाणी दावाही आहे आणि फौजदारी गुन्हाही, भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, आधीचं ४९९. त्यांनी वापरला तो दिवाणी रस्ता.

पुढची दहा वर्षं मी भरभर सांगतो. १९७९ ला अमीन पळाला, या परत आल्या, १९८० च्या निवडणुकीनंतर ओबोटे पुन्हा सत्तेवर, या पुन्हा परदेशात. विल्बर न्याबोंगो यांच्याशी लग्न झालं, ते वैमानिक होते. दोघांनी योवेरी मुसेवेनी यांच्या बंडखोर सेनेच्या बाजूने काम केलं, जानेवारी १९८६ मध्ये मुसेवेनी सत्तेवर आले, आणि बगाया अमेरिकेत राजदूत म्हणून गेल्या. त्याच वर्षाच्या शेवटी मोरोक्कोत कासाब्लांका इथे विमान अपघातात न्याबोंगो गेले. १९८८ मध्ये त्यांनी राजदूतपद सोडलं. नंतरच्या काळात जर्मनी आणि नायजेरियातही त्यांनी युगांडाचं प्रतिनिधित्व केलं.

१९९३ मध्ये मुसेवेनी सरकारने राज्यं परत दिली. आता 'परत दिली' म्हणजे काय दिलं ते नीट बघायला हवं, कारण लोक इथे फसतात. १९९५ च्या घटनेचं कलम २४६ सांगतं की जिथल्या लोकांना हवा तिथे पारंपरिक राजा असू शकतो, त्याला मालमत्ता ठेवता येते, मानमरातब मिळतो. पण राज्यकारभाराचा, कायदे करण्याचा, न्याय देण्याचा अधिकार त्याला नाही. त्याने राजकीय पक्षात पडायचं नाही. आणि कुणालाही त्या राजाला मानायची किंवा त्याच्यासाठी पैसे द्यायची सक्ती करता येत नाही. म्हणजे रयत आहे ती स्वतःच्या खुशीने. १९६७ च्या कलमाने पद एका फटक्यात उडवलं, याने ते परत आणलं पण दात काढून. माझ्या मते हा मधला रस्ता बरा आहे, कारण भाषा, एम्पाको, जमिनीची आठवण, हे जपायला गादी लागते, तलवार लागत नाही.

भाऊ पॅट्रिक, ओलिमी तिसरा, सव्वीस वर्षांनी पुन्हा ओमुकामा झाला आणि दोनच वर्षांत, ऑगस्ट १९९५ मध्ये वारला. वारस त्याचा मुलगा ओयो, वय तीन. एलिझाबेथ त्याची आत्या. मुलगा सज्ञान होईपर्यंत गादी सांभाळायला पालक नेमले, त्यात ही आत्याही होती, आणि बाटेबेचं पद आता ओयोच्या बहिणीकडे गेलं.

१२ सप्टेंबर १९९५ ला राज्याभिषेक झाला, पहाटे दोन वाजता सुरू. राजवाड्याच्या दारात गादीवर हक्क सांगणारा बंडखोर राजपुत्र आणि राजाची फौज यांची खोटी लढाई झाली. मग राजकुळाच्या प्रमुखाने देवांना हाक घातली की या पोराच्या अंगात राजरक्त नसेल तर याला इथेच मारा. पोराला काही झालं नाही, मग त्याला न्यालेबे नावाचा पवित्र नगारा वाजवू दिला. चारच्या सुमारास त्याला राजा म्हणून आत घेतलं, आणि राजा म्हणून पहिलं जेवण वाढलं ते नाचणीच्या पिठाचा घट्ट गोळा, आपल्याकडे कोकणात आंबील थोडी दाट झाली की होते तसा. मग तीन वर्षांच्या ओयोने कुशीवर जमिनीला अंग टेकवून शपथ घेतली.